दरवर्षी पहिला तास

जिल्हा परिषदेच्या शाळेत पहिलीच्या पोराला 'अ' गिरवायला शिकवायचं असेल, तर महाराष्ट्रात आधी दोन वर्षांचं डी.एड. करावं लागतं, मग टीईटी, मग अभियोग्यता चाचणी, मग पवित्र पोर्टलची आराधना. हायस्कूलला शिकवायचं तर बी.एड. आणि त्यातले सराव पाठ. मागच्या बाकावर निरीक्षक, हातात पाठ टाचण आणि फळ्याच्या कोपऱ्यात तारीख लिहायची राहिली म्हणून कापलेला अर्धा गुण. एवढ्या बंदोबस्तात शिकलेलं ते पोर बारावी होऊन बी.ए.च्या वर्गात येऊन बसतं, तेव्हा मात्र समोर उभ्या राहणाऱ्या माणसाला शिकवता येतं की नाही, हे कुणीच विचारत नाही. विषयात एम.ए., पंचावन्न टक्के, नेट किंवा सेट किंवा पीएच.डी., झालं. सहा वर्षांच्या पोराला वाटेल त्याच्या हाती देऊ नये आणि अठरा वर्षांचं कुणाच्याही हाती दिलं तरी चालतं, असं आपलं एकंदर शैक्षणिक धोरण दिसतं. त्याचं कारण कुठल्याही आयोगाच्या अहवालात सापडत नाही. अठरा वर्षांचं पोर उठून निघून जाऊ शकतं, एवढंच ते असावं.

नेटमध्ये शिकवण्याबद्दल अगदीच काही विचारत नाहीत असं मात्र नाही. दोन पेपरांचे मिळून 150 प्रश्न असतात आणि 300 गुण. पहिल्या पेपराचे दहा घटक, प्रत्येक घटकावर पाच प्रश्न, प्रत्येक प्रश्नाला दोन गुण. या दहांपैकी एक घटक अध्यापन अभिवृत्तीचा, म्हणजे तीनशेपैकी दहा गुण. हे दहाच्या दहा गेले तरी माणूस प्राध्यापक व्हायला पात्र ठरू शकतो, आणि दहाच्या दहा मिळाले तरी त्यानं आयुष्यात खडू हातात धरला असेलच असं नाही. कारण हे प्रश्न बहुपर्यायी. वर्गात गोंधळ झाल्यास चांगला शिक्षक काय करील, या छापाच्या प्रश्नाला चार पर्याय असतात आणि त्यातले तीन असे की ते निवडणाऱ्याला पोलिसांच्या ताब्यात द्यावं. चौथ्यावर खूण केली की अभिवृत्ती सिद्ध. खऱ्या वर्गात चार पर्याय समोर येत नाहीत. तिथे गोंधळ येतो आणि तोही क्रमांक न टाकता.

असा माणूस पहिल्यांदा तासाला जातो तेव्हा काय होतं, ते कुठल्याही महाविद्यालयाच्या स्टाफरूममध्ये सत्राच्या सुरुवातीला बसलं की कळतं. नवा माणूस ओळखायला ओळखपत्र लागत नाही. तो वेळेआधी आलेला असतो, त्याचा शर्ट इन केलेला असतो आणि पिशवीत चार संदर्भग्रंथ असतात. एम.ए.ला जे जे कळलं ते सगळं आजच सांगून टाकायचं, या निर्धारानं त्यानं चाळीस-पन्नास पानांच्या नोट्स काढलेल्या असतात. तास अठ्ठेचाळीस मिनिटांचा आणि नोट्स वीस मिनिटांत संपतात, कारण घाबरलेला माणूस वाचतो फार वेगानं. फळ्यावर लिहायला घेतलेली ओळ डावीकडे वर सुरू होऊन मराठवाड्यातल्या गोदावरीसारखी आग्नेयेकडे उतरत जाते. मग उरलेल्या वेळात तो हजेरी घेतो. हजेरी हा नव्या प्राध्यापकाचा सर्वांत हातखंडा पाठ: मजकूर तयार असतो, उच्चार सोपे असतात आणि वर्गाचा प्रतिसाद हमखास मिळतो. त्यानंतर तो "समजलं का?" असं विचारतो. वर्ग एका सुरात "हो सर" म्हणतो. "काही प्रश्न?" असं विचारल्यावर शांतता पसरते, आणि शेवटच्या बाकावरून एक आवाज येतो, "सर, हे पेपरला येतं का?" त्याच्या सगळ्या पानांमध्ये नेमकं एवढ्याच प्रश्नाचं उत्तर नसतं.

यात हसण्यासारखं आहे, पण दोष देण्यासारखं काही नाही. पहिला तास कुणाचाही असाच जातो आणि जायलाही हरकत नाही. हरकत पुढे आहे. पहिल्या वर्षी माणूस पेपर शिकतो, दुसऱ्या वर्षी वर्ग शिकतो आणि तिसऱ्या वर्षी कुठे शिकवायला लागतो. ही चाल सरकारला ठाऊक नसावी असं वाटत नाही, कारण तिसरं वर्ष येऊच नये अशी चोख तजवीज त्यानं करून ठेवली आहे. पहिल्यांदा शिकवणं हा प्राध्यापकाच्या आयुष्यातला एक टप्पा असायला हवा. आपल्याकडे तो हुद्दा झाला आहे. माझं म्हणणं एवढंच आहे, आणि ते पटायला पुण्या-मुंबईपेक्षा जालना जिल्ह्याच्या अंबड तालुक्यात जाणं बरं, कारण तिथे हा नवखेपणा लपवायला जागाच उरलेली नाही.

अंतरवाली सराटी हे नाव आता उभ्या महाराष्ट्राला पाठ आहे. त्या भागात अंतरवाली नावाची आणखी गावं आहेत आणि अंतरवाली म्हटल्यावर कुठली, हे विचारावं लागे. आता लागत नाही. 29 ऑगस्ट 2023 रोजी मनोज जरांगे पाटील तिथे मराठा आरक्षणासाठी उपोषणाला बसले, 1 सप्टेंबरला लाठीमार झाला आणि गाव एका दिवसात टीव्हीच्या पडद्यावर आलं. 14 सप्टेंबरला तेव्हाचे मुख्यमंत्री स्वतः फळांचा रस घेऊन गावात आले. मंत्र्यांची शिष्टमंडळं किती आली-गेली याचा हिशेब गावातल्या पोरांना तोंडपाठ असेल. पण शिक्षणाच्या दृष्टीनं सगळ्यांत मोलाचा दिवस 2 नोव्हेंबर 2023. त्या दिवशी सुनील शुक्रे आणि मारोती गायकवाड हे उच्च न्यायालयाचे दोन निवृत्त न्यायमूर्ती पुन्हा सुरू झालेल्या उपोषणाच्या मांडवात येऊन बसले आणि आरक्षणाचा कायदा काय म्हणतो, न्यायालयात काय टिकतं आणि काय टिकत नाही, हे त्यांनी समजावून सांगितलं. ते चाललं असताना कॅमेरे चालू होते, प्रतिप्रश्न होत होते आणि ऐकणाऱ्यांपैकी कुणी पेपरला येतं का असं विचारत नव्हतं. संविधानाचा इतका जिवंत तास राज्यातल्या फार थोड्या विधी महाविद्यालयांत झाला असेल. हजेरीपत्रक नव्हतं, एवढीच काय ती उणीव.

आता आपला नवा माणूस या भागातल्या एखाद्या महाविद्यालयात राज्यशास्त्र शिकवायला उभा आहे असं धरू. परिचयाच्या तासाला तो नाव-गाव विचारतो. एक मुलगी उभी राहून म्हणते, "अंतरवाली सराटी." तो न राहवून विचारतो, "तेच का?" ती म्हणते, "तेच." तिथपर्यंत ठीक असतं. पुढच्या आठवड्यात संविधानाच्या पेपरातलं आरक्षणाचं प्रकरण निघतं. त्याच्या नोट्समध्ये कलम 15(4) आणि 16(4) असतात, इंद्रा साहनी खटला 1992 असतो आणि पन्नास टक्क्यांची मर्यादा असते. वर्गाकडे यातलं सगळं असतंच, शिवाय 102वी घटनादुरुस्ती असते, 5 मे 2021 चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल असतो, न्यायमूर्ती शिंदे समिती असते, 26 जानेवारी 2024 चा सगेसोयऱ्यांचा मसुदा असतो, त्याच वर्षीच्या फेब्रुवारीतला दहा टक्क्यांचा कायदा असतो आणि हैदराबाद गॅझेटविषयीचा 2 सप्टेंबर 2025 चा जीआर तर मोबाईलमध्ये पीडीएफच्या रूपात असतो. प्राध्यापकाच्या हातातलं गाईड जुन्या आवृत्तीचं असेल तर त्यात सोळा टक्के आरक्षण अजून सुखानं नांदत असतं. आपल्या आजोबांची नोंद मोडीत आहे की उर्दूत, निजामाच्या काळातलं महसुली दप्तर तालुक्याला आहे की जिल्ह्याला, यावर ही मुलं जेवढं बोलतात तेवढं इतिहासाच्या एम.ए.लाही कुणी बोलत नाही. अशा वर्गात जाऊन आरक्षणाची व्याख्या फळ्यावर लिहायला खरोखर छाती लागते.

यावर कुणी म्हणेल की मग काम सोपंच झालं, मुलांना सगळं येतंय. हा गैरसमज आहे, आणि शिकवण्याचं काम नेमकं काय असतं हे याच ठिकाणी कळतं. माहिती असलेल्या वर्गाला शिकवणं हे माहिती नसलेल्या वर्गाला शिकवण्यापेक्षा कितीतरी अवघड. अंतरवालीजवळच, धुळे-सोलापूर महामार्गावर वडीगोद्री आहे. तिथे जून 2024 मध्ये लक्ष्मण हाके ओबीसी आरक्षणाच्या रक्षणासाठी उपोषणाला बसले होते. दोन मांडवांमध्ये अंतर थोडंसंच, आणि दोन्हीकडची पोरं एकाच एसटीनं येतात, एकाच वर्गात बसतात आणि बहुधा एकाच झेरॉक्सवाल्याकडून एकाच नोट्स घेतात. बाकं मात्र जून 2024 नंतर जरा वेगळी निवडतात. या वर्गात पन्नास टक्क्यांची मर्यादा हे प्रकरण शिकवायचं म्हणजे काय करायचं? जाणता प्राध्यापक कदाचित वडीगोद्रीच्या पोराला मराठा आरक्षणाची बाजू मांडायला सांगेल आणि अंतरवालीच्या पोरीला ओबीसींची. दोघांनाही न्यायालयाचा निकाल नीट वाचायला लावेल, आणि माझं मत आणि न्यायालयाचा युक्तिवाद या दोन वस्तू वेगळ्या वहीत लिहायच्या असतात, हे दोघांना एकदमच कळेल. पण हे करायला वर्ग ओळखीचा लागतो, प्राध्यापक कुणाच्या बाजूचा नाही यावर मुलांचा विश्वास लागतो, आणि कुठल्या दिवशी हा प्रयोग करायचा नाही हेही कळावं लागतं. एवढं सगळं पहिल्या वर्षी कुणालाही जमत नाही. पहिल्या वर्षीचा माणूस शहाणपणानं आरक्षण सोडून राज्यपालांचे अधिकार शिकवायला घेतो. राज्यपालांवरून वर्गात भांडण होत नाही.

म्हणजे याच वर्गाला तिसऱ्या-चौथ्या वर्षीचा प्राध्यापक हवा. आणि याच वर्गाला मिळतो तो सीएचबीवाला, सरकारी भाषेत घड्याळी तासिका तत्त्वावरचा सहायक प्राध्यापक. त्याची नेमणूक एका शैक्षणिक वर्षाची. दरवर्षी नवी जाहिरात, नवा अर्ज, नवी मुलाखत. आदेश निघून विद्यापीठाची मान्यता येईपर्यंत गणपती येऊन गेलेले असतात आणि कधी कधी नवरात्रही. कार्यभार बदलला की विषयातला पेपर बदलतो. गेल्या वर्षी पाश्चात्त्य राजकीय विचारवंत शिकवले असतील तर यंदा स्थानिक स्वराज्य संस्था. त्यामुळे आठ-दहा वर्षं शिकवूनही दरवर्षी ऑगस्ट-सप्टेंबरात पहिला तास घेणारे लोक मराठवाड्यात गावोगाव आहेत. त्यांचा शर्ट आता इन केलेला नसतो, एवढाच फरक. आणि या वर्षांना किंमत किती? सहायक प्राध्यापकाच्या कायम जागेच्या मुलाखतीसाठी उमेदवार निवडताना विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2018 च्या नियमांप्रमाणे अनुभवाच्या एका पूर्ण वर्षाला दोन गुण मिळतात, जास्तीत जास्त दहा, आणि वर्ष अपुरं भरलं तर त्या प्रमाणात गुणही कमी. नेमणूक उशिरा करायची आणि वर्ष पूर्ण भरलं नाही म्हणून गुण कापायचे, यात एक प्रकारचा गणिती सुबकपणा आहे, तो मान्य करायला हवा.

पैशाचं गणित त्याहून सुबक आहे. 2023 मध्ये राज्य शासनानं पदवीच्या तासाचा दर वाढवून 900 रुपये केला. आठवड्याला नऊ तासिकांची मर्यादा धरली तर महिन्याचे फार तर बत्तीस हजार, तेही प्रत्येक तास झाला तर. कायम सहायक प्राध्यापकाचं नुसतं मूळ वेतन 57,700 पासून सुरू होतं. विद्यापीठ अनुदान आयोगानं 2019 मध्ये अतिथी अध्यापकासाठी तासाला 1500 आणि महिन्याला 50 हजारांपर्यंत अशी मर्यादा सांगितली होती, आणि आपल्या राज्यानं ती कमाल मर्यादा आहे हे मन लावून लक्षात ठेवलं. दिवाळीच्या सुट्टीत तास नाही, म्हणून पैसे नाहीत. परीक्षेच्या काळात तास नाही, तेव्हाही नाहीत. सप्टेंबर 2023 मध्ये लाठीमारानंतर मराठवाड्यात एसटी थांबली, बाजारपेठा बंद राहिल्या, आणि मुलं वर्गात येऊ शकली नाहीत. आरक्षणाच्या प्रश्नावर इतर प्राध्यापकांची मतं असतील, सीएचबीवाल्याची नोंद मात्र थेट त्याच्या देयकात झाली. वर्गातल्या बाकावर कुणाचा किती टक्के हक्क, यावर राज्य पेटलेलं असताना त्याच वर्गातल्या फळ्यापुढची जागा रिकामी आहे की भरलेली, हे कुणी विचारलं नाही. प्राध्यापकांसाठी कुणी रास्ता रोको करत नाही. ते स्वतः करतात तेव्हा पुण्यात उच्च शिक्षण संचालनालयासमोर बसतात, जिथला रस्ता आधीच वाहतुकीनं रोखलेला असतो.

ऑक्टोबरात कापूस फुटला की या भागातला वर्ग पातळ होतो. वेचणी किलोवर असते, आणि घरचं शेत असलं तरी मजूर मिळत नाहीत म्हणून पोरंच वेचायला उतरतात. म्हणजे एकीकडे किलोवर काम करणारा विद्यार्थी आणि दुसरीकडे तासावर काम करणारा प्राध्यापक. विद्यार्थी वेचणीला गेला की तास होत नाही, आणि तास झाला नाही की प्राध्यापकाचा दिवस जातो. महिनाअखेरीला प्राध्यापक एक तक्ता भरतो, तारीख, वर्ग, वेळ, शिकवलेला घटक, उपस्थित विद्यार्थी, सही. तो तक्ता विभागप्रमुखांच्या सहीनं प्राचार्यांकडे, तिथून पुढे सहसंचालक कार्यालयाकडे असा प्रवास करतो आणि पैसे कित्येक महिन्यांनी एकरकमी येतात. दोहोंपैकी वेचणीचे पैसे आठवडी बाजाराच्या दिवशी रोख मिळतात, हे विद्यार्थ्यानं ताडलेलं असतं. शिकून काय करायचं, हा प्रश्न तो प्राध्यापकाला विचारत नाही, कारण त्याला उत्तर समोर उभं दिसतं.

या सगळ्यावर पहिला आक्षेप हमखास येतो तो असा की शिकवणं शिकवून येत नसतं, मोठमोठे शिक्षक कुठे प्रशिक्षण घेऊन आले होते? उदाहरण द्यायचं तर बाबासाहेबांचंच देता येईल. नोव्हेंबर 1918 मध्ये ते मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात अर्थशास्त्राचे प्राध्यापक झाले, तेही तात्पुरत्या जागेवर. पण हे उदाहरण आक्षेप घेणाऱ्याच्या फारसं कामाचं नाही. एक तर जागा तात्पुरती असली तरी पगार महिन्याचा होता, साडेचारशे रुपये, आणि तो त्यांनी किती तास घेतले यावर कुणी मोजत नव्हतं. दुसरं म्हणजे विषय त्यांचा स्वतःचा होता. कोलंबिया विद्यापीठातून अर्थशास्त्र घेऊन आलेल्या माणसाला कुणी यंदा कार्यभार नाही, पर्यावरणशास्त्र घ्या, असं म्हटलं नाही. आणि पुढे 1950 मध्ये त्यांनी औरंगाबादेत जे महाविद्यालय काढलं, त्याला मिलिंद राजाचं नाव मिळालं, नागसेन भिक्खूंना प्रश्नांवर प्रश्न विचारणाऱ्या राजाचं. उत्तरं देणाऱ्याऐवजी प्रश्न विचारणाऱ्याचं नाव महाविद्यालयाला देणाऱ्या माणसाला शिकवण्याबद्दल पुष्कळ कळत होतं. प्रशिक्षणाशिवाय मोठे शिक्षक होतात हे खरं, पण ते विहिरीत ढकलल्यावर पोहायला शिकलेल्यांच्या यादीसारखं आहे. उरलेल्यांची यादी कुणी करत नाही.

दुसरं नाव गोपाळ कृष्ण गोखल्यांचं येतं. फर्ग्युसनमध्ये ते गणित शिकवत, इंग्रजी शिकवत, इतिहास आणि अर्थशास्त्रही शिकवत. सांगाल तो विषय शिकवतील म्हणून त्यांना 'प्रोफेसर टू ऑर्डर' म्हणत. तेव्हा सीएचबीवाल्यानं पेपर बदलला म्हणून कुरकुर का करावी? कारण गोखले डेक्कन एज्युकेशन सोसायटीचे आजीव सदस्य होते. पगार पंच्याहत्तर रुपये, म्हणजे श्रीमंती नव्हे, पण वीस वर्षं सेवा करण्याची शपथ होती. वीस वर्षं इथेच राहायचंय हे ठाऊक असलेला माणूस नवा विषय घेतो तेव्हा तो पुढच्या वर्षांसाठी गुंतवणूक करत असतो. एप्रिलमध्ये आपण असू की नाही हे ठाऊक नसलेला माणूस नवा विषय घेतो तेव्हा तो बाजारात जाऊन गाईड घेतो. स्वभाव दोघांचा सारखाच असू शकतो, हिशेब वेगळा असतो.

तिसरा आक्षेप जरा गोड आहे. नवा माणूस उत्साही असतो, जुने प्राध्यापक पिवळ्या पडलेल्या नोट्स वाचतात, मग दरवर्षी नवा माणूस मिळाला तर मुलांचा फायदाच की! यात तथ्य आहे. कायम झालेल्या काही प्राध्यापकांच्या नोट्स इतक्या जुन्या असतात की त्यांत सोव्हिएत रशिया अजून महासत्ता आहे, आणि ते पान उलटताना मास्तर जराही दचकत नाहीत. पण उत्साहाचा हा युक्तिवाद आपण दुसरीकडे कुठेच लावत नाही. दरवर्षी नवा सर्जन आला तर ऑपरेशन जोमात होईल, असं कुणी म्हणत नाही. शिवाय नव्या शैक्षणिक धोरणानं जुन्यांचाही बंदोबस्त केला आहे. राज्यातल्या संलग्न महाविद्यालयांत ते 2024-25 पासून आलं आणि मेजर, मायनर, ओपन इलेक्टिव्ह, व्हीईसी, एईसी, एसईसी, आयकेएस अशा टोपल्या वर्गात येऊन पडल्या. पंचवीस वर्षं मध्ययुगीन भारत शिकवलेल्या माणसाला एका सकाळी वेळापत्रकातून कळलं की भारतीय ज्ञान प्रणालीचा पेपर आपल्याकडे आहे. त्या दिवशी स्टाफरूममध्ये प्रथमच समता नांदली. सगळेच पहिल्यांदा शिकवणारे. जुने प्राध्यापक नव्यांना विचारू लागले, "तुमच्याकडे पीपीटी आहे का हो?" आणि नव्यांकडे ती असते, कारण त्यांनी ती यूट्यूबवरच्या कुणाकडून घेतलेली असते.

यूट्यूबचं नाव निघाल्यावर चौथा आक्षेप येणारच. शिकवणारे आता मोबाईलमध्ये बसलेत, स्पर्धा परीक्षेचे सर इंद्रा साहनी खटला बारा मिनिटांत ॲनिमेशनसह सांगतात, मग वर्गातला माणूस कायम असो की तासावर, फरक काय पडतो? माहितीपुरतं बोलायचं तर खरोखर काही फरक पडत नाही. अंतरवालीच्या पोरीला माहिती आधीच आहे हे वर सांगितलंच. पण यूट्यूबवरचे सर तिच्या आणि वडीगोद्रीच्या पोराच्या मधल्या मोकळ्या बाकाकडे पाहू शकत नाहीत. तो बाक बघणारा माणूस वर्गात लागतो, आणि तो बाक कधीपासून मोकळा आहे हे कळायला तो माणूस गेल्या वर्षीही वर्गात असावा लागतो.

शेवटचा आक्षेप तिजोरीचा. 2017 मध्ये प्राध्यापक भरती थांबली, 2018 मध्ये 3580 जागांना मान्यता मिळाली, करोनानं पुन्हा थांबली, 2021 मध्ये 2088 जागांना पुन्हा मान्यता मिळाली, आणि मान्यता व भरती या दोन निरनिराळ्या घटना आहेत हे उमेदवारांना तेव्हापासून पाठ झालं. पैसे नाहीत हे एकवेळ धरून चालू. पण सगळ्या गोष्टींना पैसे लागत नाहीत. सीएचबीवाल्याला सलग तीन वर्षं तोच पेपर देता येतो, त्याला छदाम लागत नाही. नेमणुकीचा आदेश सत्र सुरू होण्याआधी काढता येतो, त्याला लागते ती फक्त शाई. पहिल्या महिन्यात त्याला एखाद्या जाणत्या प्राध्यापकाच्या तासाला मागच्या बाकावर बसू देता येतं, म्हणजे बी.एड.च्या सराव पाठाची ही उलटी आवृत्ती. नव्या प्राध्यापकांसाठी आयोगाचा महिनाभराचा गुरु-दक्षता कार्यक्रम आहेच, पण त्याचा उपयोग बढतीला, आणि ज्याला पदच नाही त्याला बढती कसली? मराठवाड्याच्या विद्यापीठाला ठरवलं तर असाच आठवडाभराचा कार्यक्रम आपल्याच आवारात सीएचबीवाल्यांसाठी भरवता येईल. फार तर चहाचा खर्च येईल, आणि चहाचं बिल लेखापरीक्षणात सहसा अडकत नाही.

मुलांची तर काही तक्रार नाही, असंही सांगितलं जातं. निवेदन दिलेलं नाही, मोर्चा काढलेला नाही. या तालुक्यातल्या मुलांना निवेदन आणि मोर्चा दोन्ही उत्तम जमतं, हे ठाऊक असूनही तसं म्हटलं जातं. ती तक्रार करतात, पण मार्चमध्ये, शेवटच्या तासाला, वही बंद करता करता, आणि आरोपाचा सूर अजिबात नसतो.

"सर, पुढच्या वर्षी तुम्हीच आहात ना?"

"तासिका निघाल्या तर."

"मग तिसऱ्या वर्षाच्या नोट्सपण आत्ताच देऊन ठेवा."